मूल बोलायला येतं तेव्हा: वर्गशिक्षकांनी या चुका टाळा

नववीतला एक मुलगा सलग तीन सोमवार गैरहजर होता. चौथ्या सोमवारी आला तेव्हा मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून कारण विचारलं. "पोट दुखत होतं," एवढंच तो म्हणाला. मला ती थाप वाटली. पुढे कळलं की त्याचं पोट खरोखरच दुखायचं. सोमवारी पहिल्या तासाला मी घटक चाचणीचे गुण मोठ्याने वाचून दाखवत असे. ती पद्धत मी बंद केली.

दुखणं म्हणजे बहाणा असं धरणं. "मला उदास वाटतंय" असं क्वचितच एखादं मूल म्हणतं. ते पोट, डोकं, चक्कर यांतून बोलतं. डबा तसाच परत जातो, वही अर्धवट राहते, मधल्या सुट्टीत ते एकटंच बसतं. दंगा करणाऱ्याकडे आपलं लक्ष जातं, गप्प बसणारं मूल मात्र 'शहाणं' म्हणून निसटतं. असा बदल दोन आठवडे टिकला तर बोलायलाच हवं.

लगेच उपदेश करणं. "एवढंसं काय मनावर घेतोस" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. "आईबाबा किती कष्ट करतात बघ" हे त्याहून वाईट, कारण आधीच दबलेल्या मुलावर आपण अपराधाचं ओझंही टाकतो. "कधीपासून असं होतंय?" एवढं विचारा आणि थांबा. स्टाफरूममध्ये नको, तिथे चार जण ऐकत असतात. व्हरांड्याचं टोक किंवा मैदानाची कडा बरी.

"कोणालाही सांगणार नाही" असं वचन देणं. ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून जास्त घातक. मूल म्हणतं, "सर, आधी शपथ घ्या," आणि आपण घेतो. मग ते असं काही सांगतं की गप्प राहणं धोक्याचं असतं. शपथ मोडली तर ते पुन्हा कुणाकडे जाणार नाही. म्हणून आधीच सांगा: "तुझं बोलणं मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल. आधी तुला सांगेन, मगच." लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून आपली जबाबदारी संपत नाही.

आत्महत्येचा शब्द टाळणं. विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार येईल, ही भीती खोटी आहे. "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" असं शांतपणे, सरळ विचारा. उत्तर 'हो' असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, रिक्षात बसवून घरी धाडू नका. पालकांना शाळेत बोलावून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातली औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवायला सांगा. खेड्यात ही एक गोष्ट जीव वाचवू शकते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. त्रास घरातूनच होत असेल तर आधी घरी फोन न करता चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, १०९८ वर कळवा.

स्वतःच निदान करणं. "त्याला डिप्रेशन आहे" हे ठरवणं आपलं काम नाही. आपल्याला जे दिसलं तेवढंच पालकांना सांगा: तीन सोमवार गैरहजर, डबा खात नाही, वर्गात झोपतो.

"आमच्याकडे समुपदेशक नाही" म्हणून थांबणं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची आहे. मुख्याध्यापकांकडे हा विषय लेखी मांडा. तोवर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाची ओपीडी कधी असते ते आजच विचारून ठेवा. प्रसंग आल्यावर शोधायला वेळ नसतो.

एकदा बोलून विसरणं. दुसऱ्या दिवशी मूल आपल्या चेहऱ्याकडे पाहत असतं. "काल झोप लागली का?" एवढं विचारलं तरी त्याला पुरतं. दहावीला वर्गशिक्षक बदलणार असतील तर त्याला विचारून, त्याला कशाने बरं वाटतं तेवढं नव्या बाईंना किंवा सरांना सांगून ठेवा.