काहिलीचा हलता आलेख

यंदा काकांच्या गुऱ्हाळात काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडला आणि तापमानाची रेषा लॅपटॉपवर सरकताना बघायचं ठरवलं. पायथन, त्यात आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब, आणि वाचनं लॅपटॉपला पाठवणारा छोटा आर्डुइनो बोर्ड, एवढंच सामान. पहिल्या दिवशी दर वाचनाला मी नव्याने ‘प्लॉट’ (रेषा काढायची आज्ञा) म्हणत होतो. जुन्या रेषा जाईनात, एकावर एक साचत गेल्या. अर्ध्या तासात लॅपटॉप रसाच्या आधी तापला.

रेषा एकदाच काढायची. ‘प्लॉट’ यादी परत देतं, म्हणून डावीकडच्या नावापुढे स्वल्पविराम टाकून त्यातली रेषा हातात धरा. लूपमध्ये त्याच रेषेला ‘सेट_डेटा’ने नवे आकडे द्या आणि मग ‘पीएलटी.पॉज(०.०५)’, म्हणजे चित्र काढायला क्षणभर उसंत. तिथे नुसतं थांबवणारं ‘टाइम.स्लीप’ घातलात तर खिडकी गोठते, कारण चित्र काढायला कुणाला सवडच मिळत नाही.

‘सेट_डेटा’ अक्षांना हात लावत नाही, रेषा चौकटीबाहेर निघून जाते. त्यावर अक्षांच्या हद्दी नव्याने ठरवणारे ‘रीलिम’ आणि ‘ऑटोस्केल_व्ह्यू’ आहेत. आडव्या अक्षाला मी ते वापरतो. उभा अक्ष मात्र २० ते १३० असा ठोकून ठेवलाय. नाहीतर अर्ध्या अंशाची थरथरसुद्धा पन्हाळ्याएवढी दिसते.

आकडे ‘डेक’मध्ये, म्हणजे भरली की जुने आकडे आपोआप गाळणाऱ्या यादीत; तिची कमाल लांबी, ‘मॅक्सलेन’, ६००. सेकंदाला दोन वाचनं, म्हणजे शेवटची पाच मिनिटं. याहून घाई नको: थर्मोकपल वाचणाऱ्या मॅक्स६६७५ चिपला एका मोजणीला ०.२२ सेकंदांपर्यंत लागतात, मधेच विचारलं की ती मोजणी सोडून देते आणि जुनाच आकडा हातात ठेवते.

लूपऐवजी मॅटप्लॉटलिबचं ‘फंकॲनिमेशन’ही चालेल, ते चित्र स्वतःच पुन्हा पुन्हा काढतं, पण ते एखाद्या नावात साठवा. नाहीतर पायथन ते कचरा समजून उचलतो आणि आलेख मुकाट थांबतो.

खरी फजिती तिसऱ्या दिवशी. पडद्यावर ११२ अंश, आणि गुळव्याने (गूळ करणाऱ्या कारागिराने) पाक गार पाण्यात टाकला तर घट्ट गोळी, म्हणजे पाक त्या आकड्याच्या केव्हाच पुढे गेलेला! काका म्हणाले, “तुझं यंत्र मघाचं सांगतंय रे.” खरंच होतं. चित्र काढायला वेळ लागत होता, तोवर आर्डुइनोकडून येणाऱ्या ओळी सिरीयलच्या बफरात, म्हणजे वाट बघायच्या जागेत, तुंबत होत्या, आणि मी एका फेरीत एकच वाचत होतो. आता ‘इन_वेटिंग’ (तुंबलेलं किती उरलंय तो आकडा) शून्य होईपर्यंत सगळ्या ओळी वाचून ‘डेक’मध्ये टाकतो, आणि चित्र त्यानंतर एकदाच.