नाचणी-गुळाच्या मसाला कुकीज घरी कशा करायच्या

हेल्दी कुकीज म्हटलं की लोक आधी तुपावर कात्री चालवतात, आणि मग ओव्हनमधून जे बाहेर येतं ते चहात बुडवल्याशिवाय दाताने तुटत नाही. माझं मत उलटं आहे, तूप राहू द्या, गोड कमी करा. सुंठ, वेलची, दालचिनी असे उष्ण मसाले नीट पडले की आहे त्यापेक्षा गोड लागतं, त्यामुळे गूळ कमी घातलाय हे खाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

साधारण वीस कुकीज होतील एवढं प्रमाण देते. नाचणीचं पीठ 120 ग्रॅम, कणीक 90 ग्रॅम, गूळ 90 ग्रॅम, साजूक तूप 90 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं दोन-तीन मोठे चमचे दूध. मीठ विसरू नका, गोडाला उठाव त्यानेच येतो. कणीक कशाला असं काही जण विचारतील, तर नाचणीत ग्लुटेन नसतं, नुसत्या नाचणीची कुकी हातात घेतली की भुगा होते. (गव्हाचं चालत नसेल त्यांच्यासाठी ही कृती नाही, त्याचं गणित वेगळं.)

मसाला ताजा कुटा, हे एकच काम मी आग्रहाने सांगेन. सहा वेलच्यांचे दाणे, तीन लवंगा, चार मिरी आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तव्यावर जेमतेम गरम करायचा, खलबत्त्यात बारीक कुटून चाळून घ्यायचा, त्यात एक चमचा सुंठ आणि वरून किसलेलं थोडंसं जायफळ. जायफळ हात राखून हं, जास्त झालं की कडवट लागतं.

आता नाचणीचं पीठ मंद आचेवर पाच-सात मिनिटं कोरडंच भाजा, खमंग वास सुटला की लगेच ताटात पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट पीठ तुपात पडलं की तूप वितळतं आणि कुकीज ट्रेमध्ये पसरून एकमेकींना चिकटतात. तूपही याच कारणासाठी थिजलेलं, रवाळ हवं, पातळ केलेलं नको.

तूप आणि गूळ हाताने किंवा बीटरने हलकं, फिकट होईपर्यंत फेसा. गूळ किसून चाळणीतून काढलेला असू द्या कारण एखादा खडा राहिला तर तो भाजताना वितळून उकळतो, मग कुकीला काळं, चिकट भोक पडतं. त्यात पिठं, मसाला, बेकिंग पावडर, मीठ चाळून घाला, गोळा होईल एवढंच दूध घाला, आणि मळायचं नाही, पोळीची कणीक नाहीये ही, फक्त एकत्र आणायचं. गोळा झाकून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, नाचणी तेवढ्या वेळात दूध पिते. नंतर गोळ्या वळून चपट्या करा, जाडी अर्धा इंचापेक्षा थोडी कमी, कडेला भेगा पडल्या तर दुधाचा हात लावून दाबून घ्या, वर तीळ लावले तर छानच.

ओव्हन 170 अंशांवर दहा मिनिटं तापवून मग 13 ते 15 मिनिटं भाजा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच लावायचा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि मंद-मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं द्या. गोची इथे आहे: पीठ मुळातच तपकिरी, त्यामुळे गुलाबी झाली का हे वरून बघून कळतच नाही. एक कुकी उलथन्याने उचलून तळ बघा, तळ एक छटा गडद आणि कड कोरडी दिसली की बाहेर काढा, मधला भाग मऊ लागला तरी. ती गार होताना कडक होते, आणि मऊ आहे म्हणून अजून पाच मिनिटं ठेवाल तर गूळ करपेल. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, गरम असताना उचलली की मोडलीच समजा.

आता हेल्दीचा हिशोब. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, फायबरही मैद्यापेक्षा बरंच जास्त. पण गूळ म्हणजे शेवटी साखरच, कॅलरी जवळपास तेवढ्याच, त्यामुळे डायबिटीस असणाऱ्यांनी गुळाच्या नावावर डबा उघडू नये. एका कुकीत साधारण साडेचार ग्रॅम गूळ, तेवढंच तूप आणि नव्वदेक कॅलरी पडतात, चहासोबत दोन ठीक आहेत.

घट्ट झाकणाच्या डब्यात दहा दिवस आरामात टिकतात. पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो आणि कुकीज मऊ पडतात, तेव्हा 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केल्या की परत खुसखुशीत होतात.