फ्रेंच शब्दांची फोड आणि उच्चार : या चुका टाळा

'ताब्लो' (चित्र) हा शब्द मराठी जिभेवर हमखास 'ताब्-ब्लो' होतो. जोडाक्षराच्या आधी आघात द्यायची आपली सवयच आहे. 'शत्रू', 'पुत्र' म्हणून पाहा. फ्रेंचमध्ये व्यंजनामागून 'ल' किंवा 'र' आला की ती जोडी बहुधा फुटत नाही, अख्खी पुढच्या सिलॅबलमध्ये जाते : ता-ब्लो, सि-त्रों (लिंबू). आधीच्या स्वरावर रेंगाळू नका. क्रम उलटा असेल तर मात्र तोड मधेच पडते : पार्-ले (बोलणे).

सर्वांत मोठा घोळ अनुनासिकांचा. 'मा-तँ' म्हणजे सकाळ. शेवटी 'एन' लिहिलेला असतो, पण त्याचा वेगळा 'न' होत नाही, स्वरच नाकातून येतो. याच शब्दाचा 'मातिने' झाला, ज्यावरून आपल्या थिएटरांत 'मॅटिनी' आली, की तो 'एन' पुढच्या स्वराला जाऊन मिळतो आणि नाकातला स्वर जातो : मा-ति-ने. म्हणून आधी शब्द फोडा, उच्चार नंतर ठरवा. 'एन' किंवा 'एम'पुढे स्वर आला तर अनुनासिक नाही. दुसरे व्यंजन आले किंवा शब्द संपला तर बहुधा अनुनासिक. 'एन' दोनदा आला तर सहसा साधा 'न' : 'बों' (चांगला), पण स्त्रीलिंगी 'बॉन्'. 'आँ-न्वी' (कंटाळा) हा अपवाद पाठच करावा. 'बों'च्या शेवटी ओठ मिटले किंवा जीभ दातांमागे टेकली, तर उच्चार चुकला असे समजा.

छापील तोड पाहून बोलू नका. ओळीच्या शेवटी सफरचंदाचा शब्द दोन 'एम'च्या मधे तोडतात. बोलताना तो एकच सिलॅबल आहे, 'पॉम्'. शेवटचा 'ई' एरवी मुका, गाण्यात मात्र जिवंत होतो. 'फ्रेर झाक' हे बालगीत ऐका : बोलताना दोन सिलॅबल, गाताना चार, फ्रे-र झा-क.

सुटे शब्द नीट जमले तरी वाक्यात तोड सरकते. 'इल्' आणि 'आरीव्' मिळून इ-ला-रीव् (तो येतो) होते. 'ले' आणि 'आमी' मिळून ले-झा-मी (मित्र, अनेकवचनी), कारण 'ले'च्या शेवटी लिहिलेला, एरवी मुका असलेला 'एस' 'झ' होऊन पुढच्या स्वराला चिकटतो. मुक्या 'एच'ने सुरू होणाऱ्या काही शब्दांपुढे ही जोड वर्ज्य आहे. नायकांना ले-ए-रो म्हणायचे. ले-झे-रो म्हटलेत तर ऐकणाऱ्याला 'शून्ये' ऐकू येतील.