ट्रॅक्टर घरचा, पिकअपही घरची, तरी झेपत नाही: वाहून नेताना या चुका टाळा

आमची निम्मी शेती निपाणीजवळ, निम्मी बेळगावपलीकडच्या खानापूर तालुक्यात. इकडे ऊस, सोयाबीन, थोडा तंबाखू. तिकडे नुसता भात. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. जुलैमध्ये तिकडे चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर तिकडे लागतो, आणि घरची पिकअप दारात उभी असताना भाड्याची गाडी कशाला, असं कुणालाही वाटतं. मलाही वाटलं. बाजूचे फाळके काढून ५० एचपीचा ट्रॅक्टर हौद्यात चढवला आणि निघालो. जाताना तवंदी घाट पिकअप चढली. आठ दिवसांनी परत येताना तोच घाट उतरायचा होता. निम्म्या उतारावर करपल्यासारखा वास आला, ब्रेकचं पेडल मऊ पडत पडत तळाला टेकलं. दुसरा गिअर आधीच टाकलेला होता म्हणून गाडी कडेला घेता आली.

गावातल्या मिस्त्रीअण्णांनी मागचे ड्रम उघडले, लायनर हातात घेऊन दाखवले. काचेसारखे गुळगुळीत आणि निळसर झालेले. ते एवढंच म्हणाले, "चढंल वो गाडी, खरं थांबायची न्हाई." त्या एका वाक्यात सगळं आलं. गाडीला वजन ओढता येतं की नाही, हे आपण बघतो. थांबवता येतं की नाही, हे बघायचं राहून जातं.

चूक पहिली: माहितीपत्रकातलं वजन खरं मानणं

माझ्या ट्रॅक्टरचं छापील वजन २,०५० किलो. घाटातल्या त्या प्रसंगानंतर मी तो काट्यावर घातला, तर पावती आली २,६४० किलोची. वरचे जवळजवळ सहाशे किलो कुठून आले? मागच्या टायरांत पाणी भरलेलं होतं, तेच पावणेचारशेच्या आसपास. पुढची लोखंडी वजनं आणि बंपर. टाकीभर डिझेल. चालकाच्या डोक्यावरचा हूड, अवजारांची पेटी, साखळ्या. रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं मागचं अवजार, तर यात धरलेलाही नाही. सहा फुटी रोटर म्हणजे आणखी चारशे-साडेचारशे किलो.

आपल्या भागात उसामुळे काट्यांना तोटा नाही. उसाच्या प्रत्येक खेपेला आपण काट्याची पावती दोनदा वाचतो, मग स्वतःचा ट्रॅक्टर एकदा वजन करून घ्यायला काय हरकत आहे? जसा न्यायचा तसाच काट्यावर घाला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा लिहून घ्या, मग पूर्ण ट्रॅक्टर. दोन आकड्यांची वजाबाकी केली की मागच्या चाकांवर किती भार येतो ते कळतं. बहुतेक ट्रॅक्टरांचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे असतं, आणि हौद्यात तो भार नेमका कुठे येतो यावर पुढचं सगळं ठरतं.

आता पिकअपचं आरसी काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा, आणि चालकासह आत बसणाऱ्या माणसांचं वजनही त्यातच धरायचं. पिकअप मॉडेलनुसार साधारण सव्वा ते दोन टन नेतात. छोट्या हत्तीची (टाटा एसची) मर्यादा पाऊण टनाच्या आसपास. त्यामुळे २०-२५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, जो बहुधा सहाशे ते नऊशे किलोंत बसतो, पिकअपमधून खुशाल न्या. ४५-५० एचपीचा मात्र नाही. माझी गाडी दीड टनाची होती, म्हणजे मी अकराशे किलोंहून जास्त बोजा घेऊन घाट उतरत होतो.

चूक दुसरी: "जादा पाटे टाकून घेऊ"

हा सल्ला सगळीकडे मिळतो. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवले की गाडी मागे बसत नाही, दिसायला सरळ दिसते, आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं. ब्रेक तेच, हब तेच, टायर तेच, आरसीवरचा आकडाही तोच. पाटे वाढवून फक्त धोक्याची खूण झाकली जाते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा बोजासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा बोजा उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच. उसाच्या मोळ्या निम्म्या उतरवता येतात. निम्मा ट्रॅक्टर कसा उतरवणार? बाजूचे फाळके काढून चाकं बाहेर आली असतील, तर बाहेर डोकावणाऱ्या मालाचा दंड वेगळा. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारते.

चूक तिसरी: चढवताना ब्रेकचा खटका विसरणं

नांगरटीत सरीच्या टोकाला वळण्यासाठी आपण डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो, त्यासाठी दोन पेडल जोडणारा खटका काढून ठेवतो. तसाच ट्रॅक्टर फळ्यांवर घेतला आणि घाबरून ब्रेक मारला, तर पाय एकाच पेडलवर पडतो, एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर आडवा होऊन फळीवरून खाली येतो. रानातून बाहेर पडलात की पहिलं काम म्हणजे तो खटका लावणं. रस्त्यावरही तेच.

चढवताना शक्यतो उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवा आणि सरळ उतरवा. उभ्या चढावर सरळ चढवताना तोंड उचलून ट्रॅक्टर मागे पालथा पडण्याचा धोका असतो. गावाबाहेर बांधाला लावून गाडी भरायची जागा असतेच, तिथे हौदा आणि बांध एका पातळीत येईल तर उत्तम. गाडीच्या शेपटाखाली जाड ओंडके ठोका, कारण ट्रॅक्टरची मोठी चाकं हौद्याच्या काठावर आली की गाडीचं तोंड उचलतं. पावसात लाकडी फळ्या वापरू नका. चिखलाची चाकं ओल्या फळीवर साबणासारखी घसरतात. आणि मागे किंवा बाजूला उभं राहून "ये, ये, अजून ये" म्हणणाऱ्या माणसाला आधी लांब घालवा, मग तो चुलता असो की मामा.

बांधणी काथ्याच्या दोराने होत नाही. चार कोपऱ्यांत चार साखळ्या, ताण द्यायला टर्नबकल. साखळी पुढच्या अॅक्सलच्या बीमला आणि मागे ड्रॉबारला (खालच्या ओढायच्या दांड्याला) किंवा अॅक्सलच्या घराला घालायची. स्टिअरिंगचा रॉड, बंपर, हूडचा पाइप यांना कधीच नाही. हूड काढून ठेवा. टर्बो इंजिन असेल तर उभ्या सायलेन्सरचं तोंड डब्याने झाका, नाहीतर वाऱ्याने आतला टर्बो तेलाविना फिरत राहतो. दहा किलोमीटर गेल्यावर थांबून ताण पुन्हा बघा, साखळी एकदा तरी ढिली झालेली सापडेल.

वाटेत स्टिअरिंग हलकं लागायला लागलं, हेडलाइट आभाळाकडे गेले, तर भार फार मागे आहे असं समजा. तिथेच थांबा. उतारावर ब्रेकचा वास आला तर खालच्या गिअरवर कडेला घ्या आणि ड्रम आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं तर तडा जातो.

चूक चौथी: उसाच्या ट्रॉलीवर घालून नेणं

यावर फार बोलायची गरज नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. सपाट रानातसुद्धा नको.

चूक पाचवी: अडकलेला ट्रॅक्टर चुकीच्या जागी बांधून ओढणं

खानापूरच्या भाताच्या वाफ्यात ट्रॅक्टर बसला की दुसरा बोलावतात, साखळी टाकतात, आणि घाईत ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ती टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा अॅक्सलच्या वर अडकवतात. साखळी ताणली की मागची चाकं फिरायची थांबतात, इंजिन मात्र जोर लावतच राहतं, आणि अख्खा ट्रॅक्टर मागच्या अॅक्सलभोवती फिरून चालकावर पालथा होतो. क्लच दाबायला वेळ मिळत नाही, डोळ्याचं पातं लवेपर्यंत होऊन जातं. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू ताण देत. ही चूक माणूस मारते, म्हणून घरातल्या पोरांना हाताला धरून ती जागा दाखवा.

मग न्यायचा कसा?

स्वतःच्या चाकावर शंभर किलोमीटर म्हणजे ताशी २५ च्या वेगाने चार तास, थांबे धरून पाच. जमतं, पण चिखलणीची लोखंडी चाकं काढून, टायरची हवा रस्त्याला लागेल तेवढी करून, मागे लाल रिफ्लेक्टर लावून. पुणे-बेंगळुरू महामार्गावर जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच धरा आणि अंधारात निघू नका. रोटर मागे उचलून नेत असाल तर पुढची वजनं काढू नका. मागचा भार पुढची चाकं हलकी करतो आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. घाट उतरताना न्यूट्रल किंवा दाबलेला क्लच चालणार नाही.

भाड्याने गाडी घ्यायची तर चौदा फुटी किंवा त्याहून मोठी घ्या, पण नावावर जाऊ नका. आरसीवरची मर्यादा बघा, हौद्याची आतली रुंदी टेपने मोजा, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदीही मोजा. गडहिंग्लज-चंदगडकडे किंवा कोल्हापूरकडे जायचं असेल, तर त्या गाडीचं परमिट महाराष्ट्रात चालतं का, हे कर्नाटकची हद्द ओलांडायच्या आधीच विचारून घ्या. गळीत हंगामात गाड्या उसात अडकलेल्या असतात. तेव्हा न्यायचा असेल तर आठ दिवस आधी सांगून ठेवा. बाजारात माल टाकून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं.

दोन-तीन वर्षं असा हिशेब केल्यावर मी ट्रॅक्टर न्यायचंच सोडलं. आता पिकअपमधून फक्त रोटर नेतो, तेवढा तिला सहज झेपतो, आणि खानापुरात भावकीतल्या एकाचा ट्रॅक्टर तासावर लावतो. तुम्ही असं करणार असाल तर रोटर भरण्याआधी पिना मोजून घ्या. मोठ्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकची पिन २८ मिलिमीटरची, लहान ट्रॅक्टरची २२ ची असते. पहिल्या वर्षी मी बुशिंग (मापातला फरक भरून काढणारी नळी) न घेताच गेलो आणि वाफ्यात पाणी भरून ठेवलेलं असताना अर्धा दिवस बेळगावच्या दुकानांत घालवला.