लेन्स घेण्याआधी आपलेच फोटो उघडा: नवख्या फोटोग्राफरने टाळायच्या चुका

भिगवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा गळ्यातल्या कॅमेऱ्यावर ७०-३०० मिमीची झूम लेन्स होती. कुंभारगावातून पहाटे होडी निघाली, उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचा थवा दिसला आणि तासाभरात मी चारशे फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिले तर चारशेतले धड अकरा. बाकीचे हललेले. माझं निदान तयारच होतं, लेन्स भिकार आहे! पुढचे दोन महिने मी १५०-६०० च्या किमती बघण्यात घालवले. मग एका जाणत्या मित्राने त्याच फोटोंची माहिती उघडून दाखवली. शटर १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००. तेही ३०० मिमीवर, हलत्या होडीतून, उडत्या पक्ष्याचे. लाखाची लेन्स असती तरी फोटो हललेच असते.

साधा हिशोब असा. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ३०० मिमीचा फ्रेम साधारण ४५० मिमीइतका आवळतो, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यासाठीसुद्धा हातात धरून १/५०० तरी हवा. उडत्यासाठी १/१६०० आणि पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. पहाटेच्या उजेडात एवढं शटर मिळवायचं तर आयएसओ १६००-३२०० वर न्यावाच लागतो, आणि तिथेच नवखा माणूस बिचकतो, कारण ‘आयएसओ वाढवला की ग्रेन (फोटोत दाणे) येतो’ हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. येऊ द्या. ग्रेन नंतर कमी करता येतो, हललेला पक्षी दुरुस्त होत नाही.

फोटो अस्पष्ट आला की आधी तो १०० टक्के मोठा करून बघा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? हात हलला. मागचं गवत स्वच्छ आणि पक्षी अंधुक? फोकस चुकला. शरीर स्वच्छ, फक्त पंख पुसलेले? शटर कमी पडलं. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि तिन्ही फुकट आहेत. स्थिर वस्तूवर, ट्रायपॉडवर, एफ/८ ला (एफपुढचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान), टायमर लावून काढलेला फोटोही अंधुक आला, तरच लेन्सवर संशय घ्या.

दुसरी चूक पन्नासची. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ नंतर ‘५० मिमी एफ/१.८ घे’ हा सल्ला सगळेच देतात. सल्ला वाईट नाही. ५५ मिमीला किट लेन्स एफ/५.६ पर्यंतच उघडते, त्या तुलनेत इथे जवळजवळ दहापट उजेड मिळतो, आणि किंमतही आवाक्यातली. पण मी ती घेऊन भाचीच्या बारशाला गेलो आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तीन मीटरवरून एपीएस-सीवर पन्नासच्या फ्रेममध्ये जेमतेम १.४ मीटर रुंदी मावते. पाळण्याभोवतीच्या पाचजणींपैकी मला अडीचच मिळाल्या. तेवढ्याच अंतरावरून ३५ मिमीला दोन मीटर आणि १८ मिमीला जवळजवळ चार मीटर रुंदी मिळते. घरगुती कार्यक्रम हाच तुमचा मुख्य विषय असेल तर ३५ ची एफ/१.८ जास्त कामाची.

एफ/१.८ आहे म्हणून लेन्स सतत पूर्ण उघडी ठेवायची गरज नाही. पन्नासने मीटरभरावरून अशा वेळी फक्त तीनेक सेंटीमीटर खोलीच स्वच्छ येते. नाक फोकसमध्ये आलं की डोळे गेले. एका चेहऱ्याला एफ/२.८, दोन रांगांच्या ग्रुपला एफ/५.६, असं धरून चाला.

मग कोणती लेन्स घ्यायची? गेल्या सहा महिन्यांतले शंभरेक आवडते फोटो काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) वहीत लिहा. माझे साठाहून अधिक १८ ते २४ मध्ये निघाले. सगळे गडांवरचे. आणि मी टेलीच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सच्या, मागे लागलो होतो! ज्याचे निम्मे फोटो ५५ वर अडकलेले दिसतील, त्याने खुशाल टेली घ्यावी. कासला जाऊन सीतेच्या आसवांचं इवलंसं फूल फ्रेमभर आणू पाहणाऱ्याने लगेच मॅक्रो लेन्स न घेता आधी कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब लावून बघावी. ती नुसती पोकळ नळी, आत काच नाही. मात्र कॅमेऱ्याशी विजेचा संपर्क जोडणारीच घ्या, नाहीतर ऑटोफोकस बंद पडतो.

पैसे मोजण्याआधी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी, तपासा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्त मिळणारी, स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. निकॉनच्याच मिररलेस झेड बॉडीला जुन्या लेन्ससाठीचा एफटीझेड अडॅप्टर लावूनही या लेन्सचं तेच होतं.

यूव्ही फिल्टर काउंटरवर हमखास गळ्यात मारला जातो. डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते, आणि स्वस्त फिल्टर रात्री दिव्यांची भुतं (खोट्या प्रतिमा) दाखवतो. हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावा, तो धक्काही सोसतो.

आता पावसाळा. जूनमध्ये बॅगेत घालून कपाटात ठेवलेली लेन्स गणपतीत काढली की काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, नारिंगी सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर एवढ्यात काम भागतं. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. जेल हिरवं पडलं की मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करा, पण रोजच्या कढईत नको. डब्यात तांदूळ आणि डांबरगोळ्या अजिबात टाकू नका. तांदळाची भुकटी उडते, गोळ्यांची वाफ काचेवर बसते.

जुनी लेन्स घ्यायला जाताना मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा आणि पुढून बघा. दोन-चार धूलिकण चालतात. धाग्यांचं जाळं किंवा पसरलेला धुरकट डाग दिसला, तर विकणारा ‘साफ करून देतो’ म्हणाला तरी हसून परत द्या.