चकती सरकल्यावर घरी काय करायचं

दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकली की कमरेतली कळ मांडीमागून पोटरीत उतरते, शिंक आली की पायात करंट बसतो. ‘मणक्यात गॅप पडला’ म्हणून लोक घाबरतात, पण बहुतेकांची दुखणी 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय निवळतात.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल वर उचलेना, तर रात्र असली तरी लगेच कोल्हापुरातलं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा मोठा दवाखाना गाठा. तिथं वेळ फार मोलाची असते. पडल्यामुळं दुखत असेल किंवा सोबत ताप असेल, तर आधी डॉक्टर.

फार कळ असेल तेव्हा सतरंजीवर उताणं पडून पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा, गुडघे काटकोनात. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात राहू नका. स्नायू आखडतात आणि उठणं आणखी जड जातं.

मग व्यायाम. 2-3 मिनिटं नुसतं पालथं पडा. सोसलं तर कोपरांवर टेका. तेही जमलं की तळवे खांद्यांखाली ठेवून हातांनी रेटत छाती उचला. कंबर ढिली, ओटीपोट जमिनीलगत, श्वास चालू. 10 वेळा, दर 2-3 तासांनी. तालमीत घाम गाळलेल्यांची इथं हमखास गल्लत होते: जोर मारल्यासारखी कंबर ताठ करून अंग उचललं, तर सगळा ताण स्नायूंवर येतो आणि फायदा जातो.

कळ कुठं सरकते, ते बघा. पोटरीतली मांडीत, मांडीतली कमरेत येत असेल तर दिशा बरोबर, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ किंवा मुंग्या पायात खाली उतरल्या, तर तिथंच थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. उतारवयात, चालताना पाय भरून येणाऱ्यांना हा व्यायाम बहुधा मानवत नाही.

रात्रभर चकती पाणी शोषून फुगते, त्यामुळं उठल्यावरचा पहिला तास वाकणं टाळा. धारा काढणं, शेण भरणं, अंगण झाडणं तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नका.

चालणं सपाटीवर, 10 मिनिटं, दिवसातून 2-3 वेळा. रंकाळा तलावाला पूर्ण फेरी पहिल्याच आठवड्यात नको. शेक कापडातून, 15-20 मिनिटं; त्यानं स्नायू सैलावतात, चकती जागेवर जात नाही. वेदनाशामक गोळ्या बीपी, किडनी, ॲसिडिटीवाल्यांनी विचारूनच घ्याव्यात.

पाठीवर पाय देऊन घेणं, झटका देऊन ‘मणका बसवून’ घेणं कटाक्षानं टाळा. दबलेली नस त्यानं कायमची दुखावू शकते. सहा आठवड्यांत उतार नसेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला.