‘स्टिल’ म्हणजे फक्त ‘अजून’ नव्हे: या चुका टाळा

इंग्रजी शिकायला लागलं की ‘स्टिल’ हा शब्द लवकरच भेटतो. वहीत त्याच्यापुढे ‘अजून’ असं लिहिलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. पुढे कविता वाचताना किंवा भाषांतर करताना मात्र तोच एक अर्थ आडवा येतो. या शब्दाचा जुना अर्थ ‘स्थिर, न हलणारा’ असा आहे. जागेवर स्थिर राहणं या अर्थापासून काळात टिकून राहणं, म्हणजे ‘अजूनही’, इथपर्यंत तो हळूहळू आला. ‘तरीही’ हा अर्थही त्याच ओळीतला: एवढं सगळं झालं, पण गोष्ट जागची हलली नाही. हा धागा लक्षात ठेवला की पुढच्या बहुतेक चुका टळतात.

प्रत्येक ‘अजून’ला ‘स्टिल’ लावणं

मराठीतला ‘अजून’ तीन वेगळी कामं करतो. ‘तो अजून झोपलाय’ इथे ‘स्टिल’ बरोबर. ‘अजून पाणी दे’ इथे ‘मोअर’ हवं. ‘तो अजून आला नाही’ इथे साधारणपणे ‘यट’ येतं: ‘ही हॅजन्ट कम यट’. हेच ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ असं म्हटलं तर त्यात वैताग किंवा काळजी मिसळते, एवढी वाट पाहिली तरी आला नाही, अशी. नुसती माहिती द्यायची असेल तर हा सूर नकळत लागू देऊ नका. नकारार्थी वाक्यात ‘स्टिल’ आधी येतो, नकार नंतर. ‘आय स्टिल डोन्ट नो’ म्हणतात, ‘आय डोन्ट स्टिल नो’ नाही.

‘जरी-तरी’ची जोडी जशीच्या तशी उचलणं

‘ऑलदो ही वॉज टायर्ड, बट स्टिल ही वर्क्ड.’ मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ लागतोच, म्हणून हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजीत ‘ऑलदो’ असेल तर ‘बट’ काढून टाका. ‘ऑलदो ही वॉज टायर्ड, ही स्टिल वर्क्ड’ हे वाक्य ठीक आहे.

जागा न पाहता अर्थ लावणं

‘ही स्टिल स्टँड्स देअर’ म्हणजे तो अजून तिथेच उभा आहे. तो हातवारे करत, मान वळवत उभा असू शकतो. ‘ही स्टँड्स स्टिल’ म्हणजे तो अजिबात न हलता उभा आहे. क्रियापदाच्या आधी काळ, नंतर स्थिरता, हा नियम रोजच्या गद्यात बहुतेक वेळा पुरतो. कवितेत तो पुरत नाही.

शेक्सपिअर वाचताना आजचा अर्थ घेणं

ही चूक सगळ्यात फसवी आहे, कारण चुकीचा अर्थ घेऊनही वाक्य बिनबोभाट लागतं. शेक्सपिअरच्या काळात ‘स्टिल’चा अर्थ पुष्कळदा ‘नेहमी, सतत’ असा असे. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पेट्या निवडण्याच्या प्रसंगी बॅसॅनिओ म्हणतो, ‘द वर्ल्ड इज स्टिल डिसीव्ह्ड विथ ऑर्नमेंट’. ‘जग अजूनही वरच्या सजावटीला फसतं’ असं भाषांतर केलं तर कुणाला शंकाही येणार नाही. पण त्याला म्हणायचंय की जग नेहमीच फसत आलंय. ‘अजूनही’ म्हटलं की कधीतरी हे थांबेल अशी आशा डोकावते. त्या ओळीत ती नाही. ‘द टेम्पेस्ट’मध्ये एरिअल बर्म्युडा बेटांना ‘स्टिल-व्हेक्स्ड’ म्हणतो. तिथे ‘शांत’ हा अर्थ घेतला तर शांत आणि खवळलेलं असा गोंधळ होतो. अर्थ साधा आहे: जिथला समुद्र सतत खवळलेला असतो अशी बेटं.

दोन अर्थांतला एकच निवडण्याचा हट्ट

इंग्रजी कवी कीट्सने 1819 मध्ये ग्रीक कलशावर लिहिलेल्या कवितेची पहिली ओळ ‘दाउ स्टिल अनरॅव्हिश्ड ब्राइड ऑफ क्वायटनेस’ अशी आहे. ही वधू ‘अजून अस्पर्श’ आहे की ‘निश्चल आणि अस्पर्श’? त्याच्या 1820 च्या संग्रहात ‘स्टिल’नंतर स्वल्पविराम नाही, त्यामुळे दोन्ही वाचनं खुली राहतात. माझ्या मते दोन्ही हवीतच. कलशावरच्या आकृती हलत नाहीत, म्हणूनच त्या अजून तशाच आहेत. कवितेचा सगळा विचार या एका शब्दात आहे. परीक्षेच्या उत्तरात एकच अर्थ ठामपणे लिहिणारा विद्यार्थी नेमकं हेच गमावतो.

कवी टी. एस. एलियट याच्याही पुढे जातो. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘बर्न्ट नॉर्टन’ या कवितेत ‘फिरत्या जगाचा स्टिल पॉइंट’ येतो. त्याचं भाषांतर ‘गोठलेला बिंदू’ असं करू नका. त्याला जखडलेपणा म्हणू नका, असं तीच कविता पुढे बजावते. शेवटच्या भागात एक चिनी भांडं आहे, ते आपल्या ‘स्टिलनेस’मध्ये ‘स्टिल’ निरंतर हलतं. त्यातला ‘स्टिल’ ओळीच्या अगदी टोकाला ठेवलेला आहे. ओळ संपते तेव्हा भांडं स्थिर वाटतं; पुढच्या ओळीत ‘मूव्ह्ज’ येतो आणि तोच शब्द ‘तरीही’ किंवा ‘अजूनही’ होऊन जातो. भाषांतर करताना ही ओळ तिथेच तोडणं महत्त्वाचं. मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द सापडत नसेल, तर ‘स्थिर’ आणि ‘तरीही’ हे दोन शब्द ओळीच्या दोन बाजूंना ठेवून पाहा. एक अर्थ गाळण्यापेक्षा हे बरं.

दिसायला सारखे, पण वेगळे

अर्क किंवा मद्य गाळण्याच्या उपकरणालाही ‘स्टिल’ म्हणतात. तो वेगळा शब्द आहे. त्याचं मूळ थेंब या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, ‘डिस्टिल’ही तिथलाच. चित्रकलेतला ‘स्टिल लाइफ’ मात्र स्थिरतेचाच, मराठीत स्थिरचित्र. त्याचं अनेकवचन ‘स्टिल लाइफ्स’ होतं, ‘स्टिल लाइव्ह्ज’ नाही.